कॅमेरा यायच्या आधीचे तीन आठवडे



शाळेसाठी एखादी वस्तू घ्यायची म्हटलं की आपण काय करतो? तीन कोटेशनं मागवतो, तक्ता करतो, ठराव लिहितो, सह्या घेतो आणि ऑर्डर गेली की हुश्श करून वाट बघत बसतो. वस्तू आली की हार घालतो, नारळ फोडतो. मग ती कपाटात जाते. सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतं, "किल्ली कुणाकडे आहे हो?"

वस्तू घेण्याआधीची चौकशी आपण करतो, म्हणजे निदान दराची तरी करतो. पण ऑर्डर दिल्यापासून वस्तू हातात पडेपर्यंतचे जे दिवस असतात ते आपण फुकट घालवतो. त्या दिवसांत "कोणता घ्यावा" हा प्रश्न संपलेला असतो. आता प्रश्न असतो "आपला कसा वागणार?" हा अभ्यास मुलांकडून करून घ्यावा, शाळेच्या वेळेत करून घ्यावा, आणि त्याला खेळ न समजता पाठ समजावं, असं माझं मत आहे. ते कशामुळे झालं, ते आधी सांगते.

आमच्या शाळेत पूर्वी एक छोटा डिजिटल कॅमेरा होता. खिशात मावणारा, पुढे "१४ मेगापिक्सेल" असं चमकदार स्टिकर असलेला. चौतीस वर्षं शाळेची घंटा वाजवणारे आमचे शिपाईमामा निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभाचे फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. आमचा हॉल कौलारू, चार ट्यूबलाइट, बाहेर पावसाळी आभाळ. पुढे जाऊन लोकांच्या आड येऊ नये म्हणून मी मागच्या रांगेतून झूम करून फोटो काढले. चाळीसेक काढले असतील. संगणकावर उघडले तर एकही धड नव्हता. मामांचा चेहरा म्हणजे नारिंगी रंगाचा पुसटसा ठिपका. दोन वर्षांनी मामा गेले. त्यांची लेक फ्रेमसाठी फोटो मागायला आली, तेव्हा आम्ही तिला क्रीडादिनाच्या एका फोटोतून कापून दिला. त्यात मामांच्या हातात फक्कीची पिशवी आहे आणि ते दुसरीकडेच बघतायत.

तो कॅमेरा बिघडलेला नव्हता. त्याच्या पुस्तिकेत सगळं लिहिलेलं होतं. झूम केलं की भिंगातून येणारा उजेड कमी होतो, मग शटर जास्त वेळ उघडं राहतं, मग हात हलला की फोटो हलतो. ती पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच निघाली नव्हती. मी विज्ञान शिकवते, भिंगं शिकवते, आणि हे मला त्या दिवशी सुचलं नाही. असो.

यंदा माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने वर्गणी काढून शाळेला कॅमेरा द्यायचं ठरवलं. ठरला तो कॅनन ईओएस १५००डी, सोबत १८-५५ मिलिमीटरचं नेहमीचं लेन्स. यायला तीन आठवडे लागणार होते. मी आठवी ते दहावीची अकरा मुलं गोळा केली आणि सांगितलं, कॅमेरा येईल तेव्हा येईल, आपण आजपासून सुरुवात करायची.

पहिल्या दिवशी मोबाईल बंद. आधी कागदावर लिहायचं : आपल्याला कशाकशाचे फोटो काढायचेत? मुलांनी लिहिलं : कबड्डी, स्नेहसंमेलनातले नाच, विज्ञान प्रदर्शनातली मॉडेलं, पऱ्ह्यावरचा खंड्या पक्षी, अध्यक्षांचं भाषण (हे बहुधा मला खूश करायला). ही यादी आधी करणं फार गरजेचं आहे. ती नसली की मुलं, आणि आपणही, थेट आकड्यांकडे धावतो आणि ज्याचा आकडा मोठा तो चांगला असं ठरवून मोकळे होतो. गावात दोन मिनिटं उभं राहून ऐका, मोबाईलच्या कॅमेऱ्यांवर लोक असे भांडतात जसे क्रिकेटच्या संघांवर भांडावं.

दुसरा नियम मी असा केला की पुस्तिका वाचल्याशिवाय यूट्यूब उघडायचं नाही. पालकहो, हे बहुतेकांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम सांगते. मोठ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांच्या पूर्ण पुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि त्यासाठी कॅमेरा विकत घेतलेला असावा लागत नाही. जाहिरातीत कॅमेरा काय काय करतो ते असतं. पुस्तिकेत, कंपनीला लिहावंच लागतं म्हणून, तो काय करत नाही तेही असतं. इंग्रजी जड जातं हे खरं. म्हणून अकरा मुलांना पानं वाटून दिली आणि प्रत्येकाने आपल्या पानांतलं मराठीत सांगायचं ठरलं. इंग्रजीच्या बाईंना मी म्हटलं, हा तुमचाही तास समजा. त्या हसल्या, पण आल्या.

शोधताना एक गंमत झाली. आठवीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, ह्याच्याबद्दल कुणी फार लिहिलेलंच नाही." मग दहावीतल्या एकीने शोधून काढलं की हाच कॅमेरा युरोपात २०००डी, अमेरिकेत रिबेल टी७ आणि जपानमध्ये किस एक्स९० या नावाने विकला गेलाय. सगळा एकच, नावं निराळी. ती नावं घालून शोधल्यावर वाचायला ढीगभर सापडलं. कोणतीही वस्तू तपासताना तिची दुसऱ्या देशांतली नावं शोधायची, ही युक्ती मला स्वतःला त्या मुलीने शिकवली.

पुस्तिकेतली पहिली मोठी बातमी वाईट होती. १५००डीला बाहेरचा माईक जोडायला जागाच नाही. कॅमेऱ्याच्या आत जो बारीक माईक आहे त्यावरच भागवायचं. म्हणजे स्नेहसंमेलनाचं चित्रीकरण मागच्या रांगेतून केलं तर नाटकातल्या संवादांपेक्षा शेजारच्या आजींचं बोलणंच जास्त ऐकू येणार. हे स्नेहसंमेलनाच्या रात्री कळलं असतं तर? तीन आठवडे आधी कळल्यामुळे मुलांनी उपाय शोधला. आवाज स्टेजजवळ ठेवलेल्या मोबाईलवर वेगळा घ्यायचा, सुरुवातीला एकाने कॅमेऱ्यासमोर जोरात टाळी वाजवायची, आणि नंतर संगणकावर त्या टाळीच्या ठिकाणी चित्र नि आवाज जुळवायचे. सिनेमाच्या चित्रीकरणात ती पाटी आपटतात ती यासाठीच, हे त्यांना त्यावरून कळलं. दुसरी बातमी : एका वेळी सलग चित्रीकरण जास्तीत जास्त २९ मिनिटं ५९ सेकंद. यावर अध्यक्षांच्या भाषणाचा विषय निघाला आणि वर्ग पाच मिनिटं आवरेना.

बॅटरीचा आकडा होता साधारण ५०० फोटो. हा आकडा कुठून आला, असं मी विचारलं. जपानमध्ये कॅमेरा बनवणाऱ्या कंपन्यांची सीपा नावाची संघटना आहे. तिने मोजायची एक पद्धत ठरवून दिली आहे. ठरावीक अंतराने फोटो काढत जायचं, कॅमेऱ्यात फ्लॅश असेल तर एकाआड एक फोटोला फ्लॅश मारायचा, वगैरे. सगळ्या कंपन्या त्याच पद्धतीने मोजतात म्हणून दोन कॅमेऱ्यांची तुलना करता येते. आपल्या हातात तेवढेच फोटो निघतील असं मात्र नाही. आणि हा ५००चा आकडा डोळा लावून, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून बघून काढलेल्या फोटोंचा. मागच्या स्क्रीनवर बघून काढले तर तो निम्म्याच्या आसपास येतो. मुलांना तर मोबाईलमुळे स्क्रीनवर बघायचीच सवय. तेव्हा तिथेच ठरलं की डोळा लावायला शिकायचं.

मेगापिक्सेलवर मी एकच तास घालवला. कॅमेऱ्याचा फोटो ६००० गुणिले ४०००, म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपक्यांचा, म्हणून २४ मेगापिक्सेल. आता आपल्याला लागतात किती? चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. मग ४ बाय ६ इंचाच्या फोटोला १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार. पूर्ण ए-फोर पानाला सुमारे ८७ लाख. आमच्या हस्तलिखितात किंवा वार्षिक अंकात याहून मोठा फोटो कधी छापलाच नाही. मुलांनी स्वतः गुणाकार केले आणि "१०८ मेगापिक्सेल" म्हणून मिरवणाऱ्या फोनबद्दलचं कौतुक आपोआप जरा खाली उतरलं. जास्त ठिपके असले की फोटो कापून घेता येतो, हा फायदा आहेच, तो नाकारत नाही. मामांचा फोटो आम्ही तसाच तर कापला होता.

त्यापेक्षा सेन्सर महत्त्वाचा. चित्र ज्याच्यावर पडतं तो तुकडा. मिलिमीटरच्या आलेख कागदावर मुलांना तो खऱ्या मापात काढायला लावला. १५००डीचा सेन्सर साधारण २२.३ गुणिले १४.९ मिलिमीटर, क्षेत्रफळ ३३२ चौरस मिलिमीटर. आमच्या जुन्या छोट्या कॅमेऱ्यासारख्यांत असतो तो साधारण ६.२ गुणिले ४.६, म्हणजे जेमतेम २८. कागदावर दोन्ही शेजारी काढले की समजावून सांगायची गरजच राहत नाही. पावसात एकाने परात ठेवली नि दुसऱ्याने वाटी ठेवली तर पाणी कुणाकडे जास्त जमेल, एवढं पोरांना कळतं.

इथे गणिताच्या सरांना आवडेल असा एक किस्सा. काही कॅमेऱ्यांवर "१ इंच सेन्सर" असं लिहिलेलं असतं. त्याची मापं १३.२ आणि ८.८ मिलिमीटर. पायथागोरस लावा : कर्ण येतो १५.९ मिलिमीटर. इंच तर २५.४चा! मुलं म्हणाली, "बाई, फसवतायत." फसवत नाहीत, पण सरळही सांगत नाहीत. जुन्या काळी टीव्हीच्या कॅमेऱ्यात काचेच्या नळ्या असत आणि त्यांचं माप नळीच्या बाहेरच्या व्यासावरून सांगत. चित्र पडायचं ते त्याहून लहान भागावर. नळ्या गेल्या, मापाचं नाव मागे राहिलं. छापलेला आकडा हा कशाचा आकडा आहे, हे विचारायची सवय मुलांना लावायची असेल तर याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

खरी मजा आली ती हॉलमध्ये. दहावीच्या पुस्तकात "भिंगे व त्यांचे उपयोग" हे प्रकरण आहे आणि भूमितीत समरूपता आहे. दोन्ही मुलांनी पाठ केलेलं असतं. आता प्रश्न असा : स्नेहसंमेलनात कॅमेरावाल्याने कुठे उभं राहायचं? कॅमेरा अजून आलेला नाही, पण सेन्सरची रुंदी माहीत आहे, भिंगाचं नाभीय अंतर माहीत आहे. सेन्सरची रुंदी भागिले नाभीय अंतर, बरोबर समोरच्या दृश्याची रुंदी भागिले आपलं त्यापासूनचं अंतर. दोन समरूप त्रिकोण, बस. मुलांनी दोरीने स्टेज मोजलं. तोंड ६ मीटर, हॉल १२ मीटर. लेन्स १८ मिलिमीटरवर ठेवलं तर पूर्ण स्टेज मावायला ५ मीटरवर उभं राहिलं तरी चालतं. तेच ५५ मिलिमीटरवर नेलं तर १० मीटरवरून जेमतेम ४ मीटर दिसणार, म्हणजे मधली पाच-सहा मुलं. मुलांनी फक्कीने जमिनीवर खुणा केल्या : इथून पूर्ण नाच, इथून एकटा गाणारा.

आणि मग उजेडाचा प्रश्न आला, तोच आमचा जुना. लेन्सवर लिहिलेलं असतं ३.५-५.६. हे आकडे कोड्यासारखे वाटतात, पण नाभीय अंतराला भिंगाच्या उघड्या तोंडाच्या व्यासाने भागलं की आला हा आकडा. म्हणून तो जितका लहान तितकं तोंड मोठं. ३.५ आणि ५.६ यांच्या गुणोत्तराचा वर्ग केला तर येतो सुमारे अडीच. म्हणजे पूर्ण झूम केल्यावर उजेड अडीचपट कमी. माझ्या नारिंगी ठिपक्याचं कारण त्या दिवशी आठवीतल्या पोराने फळ्यावर लिहून दाखवलं. मी त्यांना मामांची गोष्ट तेव्हाच सांगितली, त्याआधी सांगितली नव्हती.

हिशोब पुढे गेला. ५० मिलिमीटरचं, १.८ आकड्याचं, झूम नसलेलं एक लेन्स याच कॅमेऱ्याला बसतं. ५.६ आणि १.८ : वर्ग केला तर जवळजवळ दहापट उजेड. पण त्यातून पूर्ण स्टेज मावायला साडेतेरा मीटर मागे जावं लागेल आणि हॉल तर १२ मीटरचा! मग एकाने मागच्या भिंतीतली खिडकी दाखवली. खिडकीबाहेर व्हरांडा आहे. तिथे तिपाई लावली की झालं. मुलांनी हे सगळं आकडेमोडीसह मुख्याध्यापकांना अर्ज लिहून कळवलंय आणि ते लेन्स मागितलंय. अर्जलेखनाचा सराव मी इतकी वर्षं काल्पनिक क्रिकेटच्या साहित्यासाठी करून घेत होते. या अर्जात खाडाखोड कमी आणि नेट जास्त होता.

हलणाऱ्या गोष्टींचाही हिशोब असाच. कबड्डीचा चढाईवाला सेकंदाला ५ मीटर पळतो असं धरा. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो ८ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे चेहरा पुसट. १/५०० ठेवलं तर १ सेंटिमीटर. हा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो, म्हणजे दोन फोटोंच्या मध्ये खेळाडू दीड मीटरच्या पुढे गेलेला. नुसतं बटण दाबून धरलं आणि पकड नेमकी सापडली, असं होणार नाही. खेळ कळावा लागेल. आमच्या कबड्डीच्या संघातली एक मुलगी गटात आहे, तिची मान त्या दिवशी ताठ झाली. ट्यूबलाइटची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ट्यूबा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर त्याहून फार वेगवान ठेवलं तर एक फोटो उजळ, दुसरा पिवळट असं होतं. त्यासाठी हॉलमध्ये १/१००च्या आसपास राहायचं, आणि चित्रीकरणासाठी मेनूत पाल पद्धत निवडायची, हे मुलांनी पुस्तिकेतून आणि डोकं लावून काढलं.

एवढं झाल्यावर मी व्हिडिओ बघायची परवानगी दिली. फरक स्पष्ट दिसला. आधी मुलं "भारी आहे" ऐकून "भारी आहे" म्हणाली असती. आता ती विचारत होती : ह्याने कॅमेरा स्वतः विकत घेतलाय का, कंपनीने दिलाय? किती दिवस वापरलाय? खाली खरेदीची लिंक दिलीय, तिच्यावरून घेतला तर ह्याला पैसे मिळतात का? नमुन्याचे फोटो सगळे उन्हातलेच का? उन्हात कुठलाही कॅमेरा चांगलाच दिसतो. आपल्या यादीत उन्हातलं काम थोडं, अंधाऱ्या हॉलचं जास्त. मग आपण रात्रीचे, हॉलमधले फोटो शोधायचे.

नमुन्याचे फोटो आंधळेपणाने मानू नयेत यासाठी मी त्यांना २०१६ची एक गोष्ट सांगितली. ह्युआवे कंपनीने आपल्या पी९ फोनच्या कॅमेऱ्याची तारीफ करताना एक अतिशय सुंदर फोटो टाकला. डिजिटल फोटोच्या आत सहसा, दिसत नाही अशी माहिती लिहिलेली असते : कॅमेरा कोणता, शटर किती, तारीख काय. लोकांनी ती उघडून पाहिली तर नाव निघालं कॅनन ५डी मार्क ३, म्हणजे फोनच्या कितीतरी पट किमतीचा कॅमेरा! कंपनीला खुलासा करून माफी मागावी लागली. ही माहिती संगणकावर फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसते. मुलांनी लगेच घरचे फोटो उघडून पाहिले आणि त्यातून वेगळंच प्रकरण निघालं. काही मोबाईलच्या फोटोंत जागेचे अक्षांश-रेखांशही लिहिलेले होते. पालकहो, तुमच्या फोनमध्ये कॅमेऱ्याला ठिकाण नोंदवायची परवानगी चालू आहे का, एवढं आज बघाच.

यावरून एका सहकाऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर देते. ते म्हणाले, "बाई, एवढा खटाटोप कशाला? हल्ली फोनवर याहून चांगले फोटो येतात." दिवसा, जवळून, येतात. ते बरोबर आहे, आणि मी त्यांच्याशी त्यावर वाद घातला नाही. पण शाळेतल्या दोनशे मुलामुलींचे फोटो कुणा शिक्षकाच्या खासगी फोनमध्ये, त्याच्या लग्नाच्या नि सहलीच्या फोटोंत मिसळून का असावेत? शाळेचा कॅमेरा, शाळेचं कार्ड, शाळेचा संगणक. कुणाचा फोटो बाहेर जाणार हे पालकांना विचारून ठरणार. मला कॅमेरा हवा होता तो निम्मा या कारणासाठी.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेते. अशा अभ्यासाला अंत नसतो. आमच्यातला एक मुलगा रात्री जागून दुसऱ्याच, महागड्या कॅमेऱ्यांची तुलना करू लागला आणि "आपला जुन्या पद्धतीचाच आहे" असं तोंड पाडून सांगू लागला. मॉडेल २०१८चं आहे, हे खरंच. मी त्याला पहिल्या दिवशीची यादी काढायला लावली. यातलं कोणतं काम याने होणार नाही, ते सांग. खंड्यावर येऊन तो थांबला. खंड्या ५५ मिलिमीटरमध्ये ठिपक्याएवढा दिसेल, हे त्याने हिशोब करून दाखवलं. ठीक आहे, खंड्या यादीतून गेला. बाकी चार राहिले.

शेवटच्या आठवड्यात घर तयार केलं. आमच्या कोकणात कॅमेऱ्याचा खरा शत्रू दमट हवा. लेन्सच्या आत बुरशीचं जाळं धरतं आणि मग ते साफ करणं खर्चाचं. जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगावर ते होतंच, मुलांना दाखवलं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. रसायनाच्या तासाला तेही आलं : निळे दाणे ओल शोषून गुलाबी होतात, तापवले की परत निळे. डबा लोखंडी कपाटात न ठेवता मुख्याध्यापकांच्या टेबलाशेजारी ठेवलाय, कुलूप न लावता. वहीत नाव आणि वेळ लिहून कॅमेरा न्यायचा.

कॅमेरा मंगळवारी आला. खोक्यावरचा क्रमांक, कॅमेऱ्याच्या बुडाचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक तिन्ही जुळतात का, हे आठवीतल्या मुलाने मोठ्याने वाचून पाहिलं. नारळ फोडायच्या आधी. मेमरी कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघितलं, कारण बाजारात खोट्या क्षमतेची कार्डं असतात हे त्यांना कळलेलं होतं. एक गोष्ट कुठल्याही पुस्तिकेत नव्हती : आमच्या आठवीतल्या सगळ्यात छोट्या मुलीच्या हातात कॅमेरा पडल्यावर तिचं बोट बटणापर्यंत नीट पोचेना. तिने डावा तळहात लेन्सखाली धरला, पट्टा मानेला ताणला आणि स्वतःच पद्धत बसवली.

पहिला फोटो जिन्याखालच्या अंधारात काढला आणि तो हललेला आला. सगळे हसले. तिने आतली माहिती उघडली, "१/८" म्हणाली आणि उजेडात गेली.

सध्या शाळेतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे एकेक फोटो काढायचं काम चालू आहे. सकाळी दहाच्या सुमारास, व्हरांड्यात, उजेडाकडे तोंड करून. लेन्सचा अर्ज अजून मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे.